मार्शलची मूठ

१

“खरा माणूस आपली बंदूक आणि आपला शब्द दुसऱ्याच्या हाती कधीच देत नाही.” मार्शल एझ्रा टॉलिव्हर मरताना असं म्हणाला. वायोमिंगमधल्या सेज क्रीक नेमबाज मंडळाच्या सलूनात हे वाक्य बारच्या वर सोनेरी अक्षरांत लावलेलं आहे. मार्शल झोपेत गेला आणि तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं, ही गोष्ट मंडळात कुणी काढत नाही. वाक्य अध्यक्षांनी रचलं होतं आणि पाटीही त्यांनीच रंगवली होती.

पाटीच्या बरोबर खाली मार्शलच्या रिव्हॉल्वरची काचेची पेटी होती. शनिवारी सकाळी त्या पेटीत लाल मखमल होती, मखमलीवर रिव्हॉल्वरच्या आकाराचा खळगा होता आणि खळग्यात काहीच नव्हतं.

“चोरी,” अध्यक्ष रॉइस टिलटसन म्हणाला. मग आपण घोट्यापर्यंत लांब काळा कोट घालून उभे आहोत हे आठवून त्याने आवाज खाली नेला आणि पुन्हा म्हणाला, “चोरी.”

रॉइसने आयुष्यभर गालिचे विकले होते. मंडळात मात्र तो जज्ज ग्रिझली होता. इथे प्रत्येकाला दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे घालावे लागत, तेव्हाच्या धर्तीची दोन रिव्हॉल्वर कमरेला बांधावी लागत आणि एक टोपणनाव लावावं लागे. नाव एकदा नोंदलं की देशभरात ते दुसऱ्या कुणाला मिळत नसे. त्यामुळे माणसं बायकोपेक्षा नावाला जास्त जपत.

व्हर्ल हॉगन कोपऱ्यात कॉफी पीत बसला होता. त्याने नाव कधी सुचवलंच नाही, म्हणून मंडळाने त्याला ‘बिननावी’ म्हणून नोंदवलं होतं. तो इथे येई तो मेव्हण्याला सोबत म्हणून, आणि मेव्हण्याच्याच गाडीतून.

बाहेर मे महिना होता आणि बर्फ आडवं पडत होतं. हायवेचं फाटक शुक्रवारी संध्याकाळीच बंद झालं होतं. आधी पोहोचलेले पाच जण आत अडकले होते, बाकीचे सुटले होते. शिधा म्हणून बीन्सच्या चिलीचं एक पातेलं आणि दालचिनी रोलचा एक ट्रे होता.

“पेटी फोडलेली नाही. किल्लीने उघडली आहे,” रॉइस म्हणाला.

किल्ली बारमागे खिळ्याला असे. खाली चिठ्ठी होती, ‘किल्लीला हात लावू नये’. त्यामुळे ती कुठे आहे हे नव्या माणसालाही कळत असे.

“शेरीफच्या कचेरीत रेडिओवरून कळवलंय. रस्ता साफ झाला की बर्फ सारणाऱ्या नांगरामागोमाग त्यांचा माणूस येतोय. मी त्याला नाव देणार आहे.”

“कुणाचं?” व्हर्लने विचारलं.

रॉइस चुलीकडे बघायला लागला. तिथे नदीन कोपेकी लाकडं सारत होती.

२

नदीन शाळेची बस चालवत असे. गेल्या वर्षी मंडळात आली तेव्हा रुबाबदार नावं सगळी संपलेली होती, म्हणून तिने ‘पिवळी बस’ असं नाव घेतलं. ते तिला लगेच मिळालं.

“सकाळी सगळ्यांत आधी कोण उठलं?” रॉइस म्हणाला. “तुम्ही. चूल कुणी पेटवली? तुम्ही. आणि काल रात्री पेटीसमोर हात धरून काय म्हणालात?”

“‘हे माझ्या मापाचं दिसतंय’ असं म्हणाले. दुकानातल्या बुटांनासुद्धा मी तेच म्हणते, साहेब. सगळे उचलून आणत नाही.”

“त्या बुटांवर मार्शलच्या हातची बैलाची मुंडी कोरलेली नसते.”

नदीनने चुलीचं दार लावलं आणि हात झटकले. मग ती व्हर्लकडे वळली.

“व्हर्लभाऊ, तुम्ही सरकारी नोकरी केलीय. यांना जरा समजवा. बंदुकीच्या चोरीत माझं नाव शेरीफच्या कागदावर चढलं की सिद्ध व्हायची कुणी वाट बघत नाही. शाळा समिती सोमवारी बसची किल्ली मागून घेईल. पुढे मी निर्दोष सुटेन, छान. तोवर दुसरं कुणीतरी गिअर टाकत असेल.”

“जो निर्दोष असतो तो घाबरत नाही,” रॉइस म्हणाला. हेही त्याला पाटीवर घालण्याजोगं वाटलं असावं, कारण तो किंचित थांबला.

“तिची पिशवी बघितलीस?” व्हर्लने विचारलं.

“बघितली. गाडीही बघितली. मिळालं नाही. म्हणजे लपवलंय.”

“आणि मिळालं असतं तर?”

“तर सापडलं असतं.”

व्हर्लने कप खाली ठेवला. नोकरीत असताना तो गुरांवरचे मालकीचे डाग तपासत असे. कुरणात, बाजारात, कत्तलखान्याच्या दारात, कुठलंही जनावर त्याने पुठ्ठ्यावरचा डाग बघितल्याशिवाय हलत नसे. त्या कामात एक गोष्ट पक्की कळते. चोराला डाग पुसता येत नाही, त्याला फक्त भर घालता येते. म्हणून जुनं काय आहे हे शोधत बसू नये, नवीन काय चढलंय ते बघावं.

“नांगर येईपर्यंत मला विचारपूस करू दे,” तो म्हणाला. “नंतर कुणाचंही नाव दे.”

“नांगर दुपारी येईल.”

“मग जेवण लवकर करू.”

३

पहिला सापडला दातांचा डॉक्टर गेलन मूडी, मंडळातला ‘डॉक हुंदका’. सांगाड्यापासून मुठीपर्यंत रिव्हॉल्वरविषयी त्याला सगळं माहीत होतं आणि ते तो न विचारताही सांगे. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून बोलायची त्याला सवय होती.

“मार्शलचं रिव्हॉल्वर चोरून करणार काय?” व्हर्ल म्हणाला. “विकायला गेला तर मुंडी बघून कुणीही ओळखेल.”

“विकायला नेलंच नसेल. अहो, आज दुपारी बारा वाजता त्याचं मोजमाप होतं, विसरलात?”

व्हर्ल विसरला नव्हता. येताना सबंध वाटभर त्याने तेच ऐकलं होतं.

“लोक रिव्हॉल्वर बघतात म्हणजे नळी बघतात,” डॉक्टर सांगू लागला. “बघायची ती फ्रेम. फ्रेम म्हणजे हाडपेर. मोठ्या फ्रेमची चकरी जाड, म्यानही रुंद. मधल्या फ्रेमचं अंग सडसडीत, तुमच्या नदीनबाईंच्या जोडीसारखं. मुठीचं गणित वेगळं. काही कारखाने दोन्ही फ्रेमना एकच मूठ लावतात, हाताला फरक कळतच नाही. पण काही जुन्या नगांची मूठ आखूड. मोठ्या हाताच्या माणसाची तीन बोटं बसतात आणि करंगळीला जागाच उरत नाही. ती बिचारी खालून दुमडून घ्यावी लागते.”

“आणि मार्शलचं?”

“हाच तर तंटा. रॉइस म्हणतो फ्रेम मधली, मूठ आखूड. तुमचा मेव्हणा म्हणतो पूर्ण मापाचं, थेट त्याच्या जोडीसारखं. मंडळाच्या पत्रिकेत दोघं किती वर्षं भांडतायत, मी वाचणं सोडून दिलं. शेवटी मीच म्हटलं, पेटी उघडा आणि मापाचा कॅलिपर लावा. उपकरणाने, साक्षीदारांसमोर. नुसत्या डोळ्यांचा निकाल चालणार नाही. कॅलिपर रॉइसने आणायचा. जो हरेल त्याने नाव सोडायचं.”

“नाव?”

“टोपणनाव. कायमचं. ते मोकळं होणार, कुणीही उचलणार.” डॉक्टरने दालचिनी रोलचा तुकडा चिलीत बुडवून तोंडात टाकला. “पैज पैशांची असती तर मी मध्ये पडलोही नसतो, पण एवढं क्रूर काही बघायला मिळत नाही हो रोज.”

बारा वाजता ज्याला हरायची भीती होती त्यानेच पेटी उघडली असणार. अशी माणसं दोनच होती. त्यांतल्या एकाच्या गाडीत बसून त्याला घरी जायचं होतं.

४

ड्वाइट स्कॅग्ज चुलीशी पाय शेकत बसला होता. पट्टा कमरेला होता आणि दोन्ही बाजूंना रिव्हॉल्वर. मंडळात तो ‘निर्दय नेड’ होता. व्हर्लच्या बायकोचा तो धाकटा भाऊ. लहानपणी कोंबडी कापताना चक्कर आली म्हणून तिने त्याला उचलून घरात नेलं होतं, ते ती अजून सांगे.

“या, दाजी. बसा. त्या बाईंनी कबूल केलं का?”

“नाही अजून. तुझा एक मोजा कुठे गेला?”

ड्वाइटच्या उजव्या पायात करड्या लोकरीचा मोजा होता. तो व्हर्लच्या बायकोनेच विणलेला. डावा पाय उघडा होता.

“वाळत घातला होता हो चुलीवर. पडला आत. गेला जळून.”

“कधी?”

“आत्ता सकाळी.”

व्हर्लने मान डोलावली. उन्हाळे, हिवाळे त्याने जळक्या केसांच्या वासात काढले होते. तापलेली सळई वासराच्या अंगाला लागली की जो वास उठतो तो कपड्यांतून, गाडीतून, एकदा तर लग्नाच्या कोटातूनही गेला नव्हता. लोकर म्हणजे तरी मेंढीचे केसच. खोलीत कॉफीचा वास होता, लाकडाचा होता, डॉक्टरच्या केसांच्या पोमेडचा होता.

“आणि त्या मुठीला काय झालं?”

ड्वाइटच्या डाव्या रिव्हॉल्वरच्या मुठीवर कच्च्या चामड्याची वादी घट्ट गुंडाळलेली होती. लाकूड तडकलं की गुराखी असंच करत. वादी भिजवून गुंडाळायची, दिवसभरात ती हाडासारखी कडक होते.

“परवा घरी पडलं हातातून. तडकलं. छान दिसतंय ना? अस्सल वाटतं.”

“बघू.”

ड्वाइटने कंबर किंचित वळवली. व्हर्लने म्यानातूनच वादीवर अंगठा टेकवला. ती गार होती आणि अंगठा किंचित रुतला.

“छान आहे,” तो म्हणाला.

“दाजी, तुम्ही यात पडू नका. शेरीफचा माणूस येईल, चार प्रश्न विचारेल, जाईल. बाईंना कुणी फाशी देत नाही.”

व्हर्लने चुलीत एक लाकूड घातलं. गाडी ड्वाइटची होती. घरी ड्वाइटची बहीण होती. थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की ड्वाइट कापे. खिडकीबाहेर बर्फ अजून आडवंच होतं, आणि एवढं बर्फ पडूनही आपण पुरेसे अडकलेलो नव्हतो असं आता व्हर्लला वाटलं.

५

जेवणानंतर त्याने सगळ्यांना बारसमोर एका रांगेत उभं केलं. रिव्हॉल्वर रिकामी आहेत हे डॉक्टरने म्यानांतच एकेकाची चकरी फिरवून बघितलं.

“आता डोळे मिटा,” व्हर्ल म्हणाला.

“हे काय बालवाडीतलं चाललंय?” रॉइस म्हणाला.

“मला बंदुकीतलं कळत नाही, रॉइस. तुम्ही सगळे नवीन माल मुद्दाम गंजका करून घेता. मला सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून मी बंदुका बघणार नाही, हात बघणार आहे. डोळे मिटा. दोन्ही रिव्हॉल्वर काढा, जमिनीकडे रोखा, घोडा ओढायचा असल्यासारखी धरा. मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.”

ड्वाइटने सर्वांत आधी डोळे मिटले. इतरांचेही मिटलेले आहेत, बघणारे फक्त दाजी आहेत, म्हटल्यावर त्याच्या खांद्यातला ताण गेलेला स्पष्ट दिसला. घरच्या माणसाचा भरवसा म्हणतात तो हाच. व्हर्लला तो बघवला नाही, पण बघण्यासाठीच तो तिथे उभा होता.

नदीनच्या लहान हातांत दोन्ही मुठी पूर्ण बसल्या. डॉक्टरच्याही. रॉइसने दोन्हीकडे करंगळी खाली दुमडली. त्याचे पंजे फावड्यासारखे होते आणि अशी दुमडण्याची त्याला सवय होती.

ड्वाइटच्या उजव्या हाताची चारही बोटं लाकडावर आरामात टेकली. डाव्या हाताची तीन टेकली. करंगळी खाली आली, तिने लाकूड शोधलं, मिळालं नाही. ती हवेत थांबली. मग पुन्हा शोधायला लागली. पायरी आहे असं समजून अंधारात पाऊल टाकलेल्या माणसासारखं तिचं झालं होतं. वर्षानुवर्षं हीच जोडी वापरणारा हात स्वतःच्या मुठीत वाट चुकला होता.

“ठेवा म्यानात,” व्हर्ल म्हणाला. “आता उघडा डोळे.”

“काय कळलं?” रॉइसने विचारलं.

“ड्वाइट,” व्हर्ल म्हणाला, “चल, लाकडं आणू.”

६

लाकडांच्या खोपटात वारा फटींतून शीळ घालत होता.

“तू बोलतोस की मी?” व्हर्लने विचारलं.

ड्वाइट ओंडक्यावर बसला.

“मी चोरलं नाही, दाजी. नुसतं शेजारी ठेवून बघत होतो. सकाळी कुणी उठायच्या आत. म्हटलं, बारा वाजता काय होणार ते आधी कळलं तर रात्रीचं जेवण तरी पचेल. ठेवलं माझ्या डाव्याशेजारी. माझ्यापेक्षा काडीपेटीच्या काडीएवढी आखूड आहे मूठ. फ्रेमही बारीक. रॉइस बरोबर निघाला. तेवढ्यात नदीन जिन्यावरून उतरायला लागली. हातात आलं ते म्यानात कोंबलं, माझं कोटात घातलं आणि बाहेर गेलो. गाड्या तपासतील म्हणून मार्शलचं अंगावरच ठेवलं, माझं आता गाडीत तुमच्या सीटखाली आहे.”

“माझ्या?”

“माझ्या सीटखाली पाना असतो.”

“मग मुठीवरच्या मुंडीच्या फळ्या काढल्यास.”

“काढाव्या लागल्या. माझ्या फळ्या तिला बसेनात, खिळीचं भोकसुद्धा जुळत नाही. म्हणून नुसत्या लोखंडावर चिंधी बांधली आणि वर वादी.”

“परत ठेवायचं होतंस.”

“तोवर रॉइस चोरी-चोरी करत रेडिओवर बसला होता. आता काय सांगू? पैजेआधी पेटी उघडली म्हणून? नाव तर जाईलच, वर हसतील. दाजी, निर्दय नेड मी बावीस वर्षं आहे. ड्वाइट स्कॅग्ज कोण आहे? टाक्या साफ करणारा माणूस.”

“आणि नदीन?”

“तिचं काय सिद्ध होणार आहे?”

“तिची बस जाईल.”

“बस दुसरीही मिळेल. नाव नाही मिळत.”

व्हर्लने हातभर लाकडं उचलली. “नांगराचा आवाज येईपर्यंत वेळ देतो. तू स्वतः सांगितलंस तर ती चूक. मी सांगितलं तर चोरी.”

“ताईला काय सांगणार?”

“मोजा कुठे गेला ते विचारेल ती आधी.”

ते आत आले. ड्वाइट चुलीशी बसला. त्याने एकदा तोंड उघडलं, पण कॉफी मागितली. नदीन कोट घालून खिडकीशी उभी होती, बस येण्याची वाट बघणाऱ्या पोरासारखी. मग दूर टेकडीपलीकडून लोखंड डांबराला घासल्याचा आवाज आला.

रॉइस टोपी चढवून उठला. “चला, नदीनबाई.”

ड्वाइट कपात बघत राहिला.

७

“थांब,” व्हर्ल म्हणाला.

तो मेव्हण्यापाशी गेला आणि डावीकडचं रिव्हॉल्वर काढून त्याने बारवर ठेवलं. ड्वाइटने विरोध केला नाही.

“परवा गुंडाळलेली वादी आज दगड व्हायला हवी. ही अजून ओली आहे. तडकलेलं लाकूड आत आहे म्हणतो, दाबून बघा, लाकूडच नाही. आणि मोठ्या फ्रेमच्या म्यानात बारीक रिव्हॉल्वर ठेवलं तर चालताना खडखडतं. म्हणून खाली काहीतरी कोंबावं लागतं.”

त्याने म्यानात दोन बोटं घातली आणि करडा लोकरी मोजा बाहेर ओढला. मोजा जड होता. त्याने तो बारवर उलटा केला. पिवळ्या पडलेल्या हाडाच्या दोन फळ्या खाली पडल्या आणि बैलाच्या मुंड्या आढ्याकडे बघायला लागल्या.

डॉक्टरने वादी सोडवली, हाडाच्या फळ्या लोखंडावर ठेवल्या आणि त्या दातासारख्या जागी बसल्या.

“निर्दय नेड,” नदीन हळूच म्हणाली, “तुम्ही काल मला दालचिनी रोलमधला मधला भाग दिला होता. मला वाटलं, चांगला माणूस आहे.”

“मधला भाग मला आवडत नाही,” ड्वाइट म्हणाला. तो खरं बोलत होता, आणि चारचौघांत सकाळपासून पहिल्यांदाच.

“रेडिओवर जा,” नदीन रॉइसला म्हणाली. “चोरी झालेली नाही म्हणून सांगा. माझं नाव त्या कागदावर जायच्या आधी.”

“तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर—”

“जज्जसाहेब. आता.”

रॉइस गेला. परतला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. चोर हातचा गेला असला तरी पैज जिंकली होती. “शेरीफचा माणूस फाटकावरूनच परत गेला. आता एक काम राहिलंय. मोजमाप.”

“शेजारी ठेवलं की दिसतंच आहे,” व्हर्ल म्हणाला.

“नाही, नाही. नियम डॉक्टरचा आहे. उपकरणाने, साक्षीदारांसमोर. डोळ्यांचा निकाल चालत नाही, आणि त्याने डोळ्यांनी बघितलं तेही चालत नाही. आज मोजलं नाही तर पैज पुढच्या वर्षावर जाते, असंच लिहिलंय ना, डॉक्टर?”

“असंच लिहिलंय,” डॉक्टर म्हणाला.

रॉइस आपली पिशवी घेऊन आला. त्याने ती बारवर ठेवली, वरचे कपडे काढले, मग खालचे काढले. मग पिशवी उलटी केली. ड्वाइट आता मान वर करून बघत होता. नदीन आपल्या गाडीकडे निघून गेली, तिचा रस्ता पूर्वेला होता, व्हर्लचा पश्चिमेला.

“मी गाडी गरम करतो, दाजी,” ड्वाइट दारातून म्हणाला. “बसायचं तर बसा.”

फोन लागायला लागला होता. रॉइसने बायकोला फोन केला. ती स्वयंपाकघरातच होती. कॅलिपर टेबलावर होता, शुक्रवारी सकाळपासून.